रुखवतातलं शस्त्र

केंदोमधे, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, कमरेखाली मारत नाहीत. डोकं, मनगट, पोटाची बाजू आणि गळ्यावर टोचा, संपलं. जपानमधल्या कुठल्याही शाळेच्या जिमवरून संध्याकाळी गेलात तर बांबूच्या तलवारी घेऊन घसा फोडून ओरडणारी पोरं दिसतात ती केंदोवाली, आणि त्यांच्या नडगीला काहीही बांधलेलं नसतं, कारण तिथे कोणी मारणारच नसतं. नागिनातामधे नडगीला पॅड बांधायला लागतात. समोरच्याच्या हातात सात फुटी दांडा असतो, त्याच्या टोकाला वाकडं पातं, आणि त्या माणसाला (बहुतेक वेळा त्या बाईला) डोकं दाखवून तुमची नडगीच हवी असते. पॅड असूनही पहिल्यांदा लागतं तेव्हा डोळ्यांत पाणी येतं हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी इतिहास वगैरे सांगायला लागले की ही बाई नुसती पुस्तकं वाचून बोलतेय असं वाटायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागिनाता म्हणजे लांब लाकडी दांडा आणि पुढे एकाच बाजूला धार असलेलं वाकडं पातं. खरी जुनी नागिनाता बघायची तर म्युझियममधे जायचं, सरावाला आम्ही वापरतो ती वेगळी. दांडा ओकचा, पात्याच्या जागी बांबूच्या दोन वाकवलेल्या पट्ट्या पांढऱ्या टेपने बांधलेल्या, टोकाला चामड्याची टोपी. स्पर्धेसाठी एकूण लांबी 210 ते 225 सेंटिमीटर आणि वजन निदान 650 ग्रॅम. ऐकायला काहीच नाही ना, साडेसहाशे ग्रॅम? म्हणजे अर्धा-पाऊण लिटर दूध. पण ते वजन सात फुटांवर पसरलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाशी तुम्ही उभे असता, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जेवताना हात थरथरतो. आणि दांडा गोल नसतो, अंडाकृती असतो. हे मला फार आवडलं. डोळे मिटून धरला तरी धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळतं, आणि हे कळणं गरजेचं असतं, कारण पात्याच्या पाठीने किंवा बाजूने मारलेला फटका कितीही जोरात बसला तरी पॉइंट देत नाहीत. पात्याने मारायचं तर धारेच्याच बाजूने, टोकाजवळच्या वीतभर भागानेच, आणि मारताना कुठे मारताय त्याचं नाव ओरडून. गुपचूप मारलेलं मोजत नाहीत. वर मारून झाल्यावर लगेच खांदे पाडून खुशाल उभं राहायचं नाही, नजर तशीच ठेवून मागे सरकायचं, नाहीतर आलेला पॉइंट पण जातो.

आम्ही इतामीला राहतो. जपानमधल्याच दुसऱ्या गावाहून ओसाकाला विमानाने कधी आला असाल तर तुम्ही बहुतेक इतामीला उतरला असाल, पण गाव म्हणून कोणाला हे नाव माहीत नसतं. जुनं साकेचं (तांदळाच्या दारूचं) गाव आहे, गाळलेली स्वच्छ साके पहिल्यांदा इथे झाली असं इथले लोक सांगतात. त्या साकेवाल्यांपैकी कोनिशी नावाच्या घराण्याने 1786 साली शूबुकान नावाचा दोजो (युद्धकलेची तालीम) काढला, तो अजून आहे आणि तिथे तेन्दो-र्यू ही नागिनाताची जुनी परंपरा शिकवतात. अख्ख्या जपानच्या नागिनाता फेडरेशनचं ऑफिसपण इतामीतच, आणि दरवर्षी मार्चमधे हायस्कूलच्या मुलींची देशपातळीवरची स्पर्धा इथेच भरते, त्या दिवसांत स्टेशनवर खांद्यावर लांबलचक कापडी पिशव्या घेतलेल्या पोरीच पोरी दिसतात. म्हणजे मी काही शोधत वगैरे गेले नव्हते, त्या पिशव्या रोज माझ्याच ट्रेनमधे शिरत होत्या आणि कोपरा माझ्या बरगडीत घुसत होता. लेक सातवीत गेली तेव्हा क्लब निवडायचा होता, मी घरी नागिनाताचं पत्रक आणलं, तिने एक नजर टाकून बॅडमिंटन घेतलं आणि पत्रक माझ्या हातात राहिलं.

आमचा वर्ग शहराच्या जिममधे भरतो, शाळेतल्या मुली लवकर येऊन जातात आणि मग आम्ही. आम्ही म्हणजे बहुतेक बायका, बऱ्याच साठीच्या पुढच्या. पांढरं जाड सुती जॅकेट, खाली गडद हाकामा (घोळदार, चुण्यांची विजार), पाय अनवाणी. जानेवारीत त्या लाकडी जमिनीवर अनवाणी उभं राहणं हा वेगळाच धडा आहे, त्याबद्दल बोलायला नको. सुरुवातीला आठ दिशांनी हवेत वार करायचे. सरळ वरून, तिरपे वरून, आडवे, खालून वर, आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी. केंदोमधे उजवा हात कायम पुढे, आयुष्यभर. इथे तसं नाही, अंग वळवून आडवं उभं राहायचं आणि कधी डावा हात पुढे, कधी उजवा, आणि तो बदल चालता चालता व्हायला हवा. दांडा एका तळव्यातून सरकत जातो, दुसरा हात त्याला पकडतो, क्षणभर शस्त्र तुमच्या कुठल्याच हातात नसल्यासारखं असतं, आणि नवशिक्याचं सगळं तिथेच फसतं. दांडा हाकाम्यात अडकतो, किंवा स्वतःच्याच कानावर बसतो. शेजारच्या काकूंच्या कानावर बसला तर जास्त पंचाईत.

आमच्या सेन्सेई (शिकवणाऱ्या बाई) सत्तरी ओलांडलेल्या आहेत, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. मास्क, छातीचं कवच, हातमोजे, कमरेचं, नडगीचं असं सगळं चढवून समोर उभ्या राहिल्या की आत माणूस आहे की नाही अशी शंका यावी इतक्या स्थिर. मी पुढे गेले की त्या मागे जात नाहीत. त्यांची नागिनाता पुढे असते, टोक माझ्या डोळ्यांच्या रेषेत, मग ते टोक थोडंसं वर उचललं जातं, डोक्यावर येणार म्हणून माझे दोन्ही हात वर जातात, आणि एवढ्यात त्यांच्या पुढच्या हातातून दांडा असा सरकतो की शस्त्र एकाएकी हातभर लांब झाल्यासारखं वाटतं आणि टक्क, नडगी. मी बऱ्याचदा त्यांचे हात बघायचा प्रयत्न केलाय. पुढचा हात दांड्याला घट्ट धरतच नाही, नुसती बोटांची कडी करून दांडा तिच्यातून जाऊ देतो, आणि मागचा हात कमरेपासून ढकलतो. जोर कुठेच दिसत नाही. त्यांच्याकडे बघून वाटतं की हे शस्त्र दंडाच्या ताकदीचं नाहीच, अंतराचं आहे. आणि मग पुढचा विचार आपोआप येतो की म्हणूनच तर हे बायकांचं शस्त्र. 

हा जो पुढचा विचार आहे ना, त्याच्याशी माझं जरा भांडण आहे.

कारण इंटरनेटवर नागिनाता शोधलंत की पहिल्या झटक्यात हेच येतं. सामुराई स्त्रियांचं शस्त्र. वाऱ्यावर उडणारे केस, चेरीची फुलं, हातात नागिनाता, खाली काहीतरी स्फूर्तिदायक वाक्य. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी हाकामातला फोटो टाकला तेव्हा मावशीने लगेच तसलंच एक चित्र पाठवलं आणि खाली झाशीची राणी. मावशीचा हेतू चांगला. पण गंमत अशी की ज्या काळात नागिनाता खरोखर माणसं मारत होती त्या काळात ती बायकांची नव्हतीच. ती होती सैनिकांची आणि मठांतल्या हत्यारबंद भिक्षूंची. 1180 साली उजी नदीच्या पुलावर लढाई झाली, पुलाच्या फळ्या उपटून टाकलेल्या, आणि हेइके मोनोगातारी या जुन्या युद्धकथेत ताजिमा नावाच्या भिक्षूचं वर्णन आहे की तो नागिनाता गरागरा फिरवत येणारे बाण उडवत एकटा पुलावर पुढे गेला. बाण वरून आला की खाली वाकतो, खालून आला की उडी मारतो, समोरून आला की कापतो. थोडं तिखटमीठ असणारच, पण शस्त्र कोणाच्या हातात होतं ते कळतं. बेन्केईचं नाव जपानमधल्या शेंबड्या पोराला माहीत असतं, क्योतोच्या गोजो पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तलवारी जिंकून घेत 999 पर्यंत पोचलेला आडदांड भिक्षू, आणि हजारावी घ्यायला गेला ती बासरी वाजवत येणाऱ्या कोवळ्या पोराकडून, जो पुढे योशित्सुने हा नावाजलेला सेनापती निघाला. बेन्केईच्या हातात नागिनाता. 

आणि तोमोए गोझेन, ती प्रसिद्ध लढवय्यी बाई? चित्रांत तिच्या हातात हमखास नागिनाता असते, पात्याच्या एका रुंद, जास्त वाकड्या प्रकाराला तर तिचंच नाव आहे. पण हेइके मोनोगातारी उघडून बघा. ती धनुष्य आणि तलवार चालवते, हजारांना भारी म्हणून तिचं कौतुक आहे, आणि 1184 च्या आवाझुच्या लढाईत ती एका दांडग्या योद्ध्याला घोड्यावरून ओढून स्वतःच्या खोगिराला दाबून धरते आणि त्याचं मुंडकं पिरगाळते. नुसत्या हातांनी! नागिनाताचा पत्ताच नाही. ती नंतरच्या चित्रकारांनी तिच्या हातात दिली, कारण तोपर्यंत बाई म्हटली की नागिनाता असं ठरून गेलं होतं. 

ते ठरलं कसं, तर मला जे समजलंय ते असं. नागिनाता फिरवायला जागा लागते. आडवा वार करायचा तर डावीकडे-उजवीकडे चार-पाच फूट कोणी आपलं माणूस नको. एकेकटे योद्धे लढत होते, घोड्यांचे पाय कापायचे होते, तोपर्यंत झकास. पण पुढे लढायांमधे शेकड्यांनी पायदळ आलं, खांद्याला खांदा लावून उभी केलेली साधी माणसं, त्यांना भाला दिला की पुरे, सरळ धरा आणि ढकला. त्या गर्दीत नागिनाता फिरवणारा माणूस शत्रूपेक्षा स्वतःच्याच लोकांना जास्त धोक्याचा. मग बंदुका आल्या. रणांगणावरून नागिनाता हळूहळू गेली, आणि कितीतरी चांगली पाती आखूड करून, मागचा भाग तासून त्यांच्या तलवारी केल्या गेल्या. तलवारींच्या जगात अशा पात्यांना मान आहे, नागिनातापासून केलेली तलवार बोथट निघत नाही असं म्हणतात. म्हणजे चांगलं पोलाद पुरुषांनी परत नेलं आणि कमरेला लावलं. 

मग एदो काळ, 1603 पासून अडीचशेच्या वर वर्षं शांतता. सामुराई पगारी कारकून झाले. आणि याच काळात नागिनाता घरात आली, थोडी हलकी, थोडी आखूड, दांड्यावर लाखेचं काळं काम, सोन्याने घराण्याचं चिन्ह काढलेलं. सामुराई घरातली मुलगी सासरी जाताना बरोबर नागिनाता घेऊन जायची. म्हणजे आपल्याकडे रुखवतात कसं सगळं मांडतात, त्यात एक शस्त्र. सासरी गेल्यावर ती भिंतीवरच्या आडव्या पट्टीवर टांगायची. म्युझियममधे अशी एक बघितली मी, इतकी देखणी की हात लावायची भीती वाटावी, आणि धारेकडे बघितलं तर कशावर कधी चालली असेल असं वाटेना. आता काही बायका खरंच शिकत होत्या, चांगल्या शिकत होत्या, वेगवेगळ्या घराण्यांच्या परंपरा होत्या, हे खोटं नाही. पण शस्त्र त्यांना मिळालं ते लढाईत त्याची गरज संपल्यावर मिळालं. घरातल्या बाकी पुष्कळ गोष्टींसारखंच.

यावर कोणी म्हणेल, मग आइझुचं काय. बरोबर. आइझु सोडून नागिनातावर लिहिताच येणार नाही.

1868. शोगुनची, म्हणजे देश चालवणाऱ्या सेनापतीची, सत्ता गेली, सम्राटाच्या नावाने नवीन सरकारचं सैन्य उत्तरेकडे निघालं, आणि आइझु हे शोगुनशी इमान राखलेलं संस्थान आज जिथे फुकुशिमा प्रीफेक्चर आहे तिथलं. सैन्य शहरात घुसलं तेव्हा किल्ल्याचे दरवाजे लागले आणि काही बायका बाहेरच राहिल्या. त्यातल्या वीसेक जणींनी केस कापले, नागिनाता घेतल्या आणि लढू द्या म्हणून गेल्या. त्यांना रीतसर सैन्यात कोणी घेतलं नाही. बायकांना लढायला लावलं म्हणजे आइझुची अगदीच वेळ आली असं लोक म्हणतील, ही काळजी. शेवटी त्या मरणाच्या गोष्टी बोलायला लागल्या तेव्हा कुठे बरोबर येऊ दिलं. पुढे होती नाकानो ताकेको, एकवीस-बावीस वर्षांची, बरोबर तिची आई कोको आणि धाकटी बहीण युको. शहराबाहेरच्या पुलापाशी त्या बंदुकांवर चालून गेल्या. समोर बायका आहेत हे कळल्यावर सरकारी सैन्यात आरडाओरडा झाला की मारू नका, जिवंत पकडा, आणि त्या क्षणाचा या बायकांनी फायदा घेतला, ताकेकोने काही जण कापले असं सांगतात. मग तिला गोळी लागली. डोकं शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून तिने बहिणीला ते कापायला सांगितलं, आणि ते होकाइजी नावाच्या देवळात नेऊन पुरलं. तिची नागिनाता पण त्याच देवळाकडे आली. 

तिने नागिनाताला एक कविता बांधली होती. त्यात ती म्हणते की शूर योद्ध्यांच्या मनाशी तुलना केली तर मी कोणाच्या गणतीत नाही, तरीपण. एवढंच. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या विनम्रपणाचा राग आला होता, खरं सांगते. आता तेवढा येत नाही, कारण ती जे म्हणतेय ते शब्दशः खरंच होतं, तिला गणतीत धरलं नव्हतं.

आणि याच लढाईत, याच शहरात, यामामोतो याए होती. तोफखाना शिकवणाऱ्या घरातली, ताकेकोपेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठी. तीपण केस कापून, भावाचे कपडे घालून किल्ल्यात गेली, पण तिच्या हातात नागिनाता नव्हती, सात गोळ्यांची अमेरिकन स्पेन्सर रायफल होती. ती किल्ला पडेपर्यंत लढली, जगली, पुढे क्योतोला गेली, नवऱ्याबरोबर दोशिशा विद्यापीठाच्या उभारणीत होती, नर्स म्हणून युद्धांमधे काम केलं, आणि 1932 ला गेली. मला या दोघींची तुलना करायला आवडत नाही कारण त्यात ताकेको उगाच वेडी ठरते, आणि ती वेडी नव्हती, तिला जे शिकवलं होतं ते तिने घेतलं आणि गेली. पण पोस्टरवर येते ती ताकेको, रायफलवाली त्या मानाने कमी. मुलीच्या हातात रायफल असली की चित्र तितकं सुंदर दिसत नाही बहुतेक.

त्यानंतरचा भाग कोणी पोस्टरवर टाकत नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. सामुराई वर्ग मोडीत निघाला, 1876 ला तलवार लावून फिरायलाच बंदी आली, आणि आयुष्यभर तलवार शिकवलेल्या लोकांची उपासमार सुरू झाली. त्याआधी 1873 मधेच साकाकिबारा केन्किची नावाच्या उस्तादाने तोक्योत असाकुसाला तंबू ठोकून तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ सुरू केले होते, त्याचं पेव फुटलं. जुने लोक नाकं मुरडायचे की कला बाजारात बसवली. पण या खेळांमधे नागिनातावाल्या बायका होत्या, आणि गर्दी त्यांना बघायला यायची, बाई विरुद्ध तलवारवाला पुरुष. सेन्दाईकडच्या एका मुलीने असा फिरता खेळ बघितला आणि ठरवलं की हेच करायचं. ती साताके नावाच्या जोडप्याच्या फडात शिरली आणि शिकून तयार झाली. सोनोबे हिदेओ या नावाने ती ओळखली जाते, आणि हिदेओ हे पुरुषाचं नाव आहे. जन्म 1870, मृत्यू 1963. नावाजलेल्या तलवारवाल्यांशी ती सामने खेळली, जवळजवळ हरलीच नाही असं सांगतात, पुढे जिकिशिनकागे-र्यू या नागिनाताच्या दुसऱ्या जुन्या परंपरेची प्रमुख झाली, आणि 1936 साली तोक्योत नागिनाताच्या शिक्षिका तयार करणारी संस्था काढली. तिचे म्हातारपणीचे फोटो आहेत, किमोनोत उभी, हातात नागिनाता, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. चेरीची फुलं वगैरे काही नाही. तंबूतल्या तिकिटाच्या खेळातून आलेली बाई.

सोनोबेसारख्यांमुळे नागिनाता शाळांत पोचली, पण शाळांत ती जशी पोचली ते फार काही गोड नाही. मुलींच्या शाळांना चांगली बायको आणि शहाणी आई घडवायची होती, नागिनाताने पाठ ताठ राहते, मन शांत होतं, शिस्त लागते, म्हणून हवी. लढाई तिथे कोणाच्या डोक्यातच नव्हती. आणि मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्याच मैदानांवर त्याच मुली रांगांत उभ्या करून तेच वार मोठ्याने मोजत करून घ्यायला लागले, या वेळी खऱ्या लढाईच्या तयारीसाठी, आणि वरून अमेरिकन बी-29 बॉम्बर विमानं. आमच्या वर्गातल्या सगळ्यात वयस्कर आजी एकदा चहा पिताना म्हणाल्या की त्यांच्या थोरल्या बहिणीने शाळेत हे सगळं केलं होतं, आणि त्यांनी स्वतः नागिनाता सुरू केली तेव्हा बहीण महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नाही. बास, एवढंच म्हणाल्या आणि बिस्किटाचा डबा पुढे केला. कोणी काही विचारलं नाही. जपानमधे असं काही विचारत नाहीत, आणि मी विचारणारी आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे डबा मुद्दाम माझ्याकडे आला असावा.

1945 नंतर अमेरिकनांनी शाळांतल्या सगळ्या युद्धकलांवर बंदी घातली. नागिनाता परत आली ती 1955 ला फेडरेशन झाल्यावर, बदलून. साकाकिदा याएको यांनी जुन्या परंपरांमधलं काय ठेवायचं, काय सोडायचं हे बसवायला मोठं काम केलं, एकच सगळ्यांना शिकता येईल असा प्रकार तयार झाला. स्पर्धाही दोन प्रकारच्या ठेवल्या. एक कवच घालून खरीखुरी लढत. दुसरी जोडीने ठरलेले वार-प्रतिवार करून दाखवायचे, कवच नाही, एकाच वेळी दोन जोड्या, आणि पंच लाल किंवा पांढरा झेंडा वर करतात. मला आधी ही दुसरी म्हणजे गॅदरिंगमधला नाच वाटायची. मग सेन्सेईंनी एकदा कवचाशिवाय माझ्या नडगीपाशी आणून पातं असं थांबवलं की हाकाम्याची घडी हलली, पाय नाही. त्यानंतर मी नाच म्हणणं बंद केलं.

क्योतोच्या गिओन उत्सवाचं सांगायचं राहिलंच. 869 साली रोगराई आली म्हणून 66 प्रांतांच्या नावाने 66 भाले उभारून पूजा केली, तिथपासूनचा हा उत्सव. 17 जुलैच्या मिरवणुकीत मोठमोठे रथ निघतात, त्यातल्या बहुतेकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, पण एक रथ कायम पहिला, त्याला चिठ्ठी नाही. त्याचं नाव नागिनाता-होको, कारण शेंड्यावर नागिनाता. रोगराई कापत पुढे जायचं काम तिचं. मी जुलैच्या त्या भयानक उकाड्यात पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितलाय. रथात गोरापान रंगवलेला एक छोटा मुलगा बसवतात, तो तलवारीने रस्त्यावर आडवी बांधलेली दोरी कापतो आणि मिरवणूक सुरू होते. आणि त्या रथावर परंपरेने बाईला चढता येत नाही. म्हणजे अख्ख्या देशात ज्या शस्त्राला बायकांचं म्हणतात, तेच शेंड्यावर लावलेल्या रथावर बाई नको. मी हे वर्गात बोलले तर सगळ्या खो खो हसल्या. सेन्सेई म्हणाल्या, वर चढून करणार काय, ती नागिनातापण खरी नाहीये, खरी जपून ठेवलीय. (हे बरोबर आहे, वर असते ती नक्कल.) मला वाटलं होतं कोणी तरी चिडेल. त्यांना या गोष्टीचं काही पडलेलंच नव्हतं, त्यांना पुढच्या रविवारी जिम मिळणार की व्हॉलीबॉलवाले घेणार याची काळजी होती.

आणि हे बघून माझंच भांडण थोडं सैल झालंय. शस्त्र दुसऱ्यांनी टाकून दिल्यावर मिळालं, शिस्तीच्या नावाखाली मिळालं, सगळं मान्य. पण मिळाल्यावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासलं त्यांच्यामुळेच ते आज जिवंत आहे, शिकवणाऱ्या बायका, पंच बायका, फेडरेशनमधे भांडणाऱ्या बायका, आणि सगळ्यात मोठ्या स्पर्धेला सम्राज्ञीच्या नावाचा चषक. आता उलटी गंमत अशी की पुरुष मागाहून येतायत. जपानबाहेर तर वर्गात पुरुष भरपूर असतात. आमच्याकडे हायस्कूलचा एक मुलगा येतो, उंच, शाळेत पोरं चिडवतात म्हणे बायकांचा खेळ खेळतो म्हणून, आणि मी त्याला सांगितलं की आमच्याकडे कोल्हापूरला मर्दानी खेळ म्हणून आहे आणि त्यात पोरी दांडपट्टा फिरवतात, तर त्याने मोबाइलवर व्हिडिओ शोधून काढला आणि सेन्सेईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला. त्या पट्टा फिरवणाऱ्या पोरीचे पाय चांगले आहेत म्हणाल्या, पण मागे कोण उभं आहे याची तिला फिकीर दिसत नाही.

बाकी परवा मी स्वतःची नागिनाता घेतली, इतके दिवस वर्गातली उसनी वापरत होते. मधे जोड असलेली दोन तुकड्यांची मिळते, ट्रेनमधे सोपी पडते, पण सेन्सेई म्हणाल्या आधी अखंड घे, जोडाचा आवाज कानाला लागला की सवय बिघडते. अखंड म्हणजे आमच्या लिफ्टमधे तिरकी धरूनच जाते. टांगायला भिंतीवर तसली लाकडी पट्टी आमच्या फ्लॅटमधे कुठून असणार, आणि भिंतीला खिळा मारला तर घरमालक डिपॉझिटमधून कापून घेणार, त्यामुळे सध्या ती सोफ्यामागे जमिनीवर आडवी आहे आणि लेक रोज तिला अडखळून माझ्या नावाने ओरडते. बांबूच्या पट्ट्यांचा एक जास्तीचा जोड पण मागवलाय, कारण आपण कितीही जपलं तरी त्या तडकतात. पांढरी टेप गुंडाळायचं मात्र अजून मला नीट जमत नाही, तिला सुरकुती पडली की स्पर्धेआधीच्या तपासणीत परत पाठवतात, तर ते शनिवारी त्या बिस्किटवाल्या आजींकडून शिकायचंय. त्यांचा हात टेपवर भारी आहे.